समासातील अक्षरे

जुन्या हिब्रू धर्मग्रंथांच्या लिलावात नामवंत रब्बींच्या स्वाक्षरीने प्रतीची किंमत वाढते. मला मात्र स्वाक्षरीहून समासातील टिपा मोलाच्या वाटतात. पोझनानचे रब्बी अकिवा एगर (1761–1837) तालमूद ह्या धर्मशास्त्रग्रंथाच्या समासात आपल्या शंका नोंदवीत आणि कित्येकदा, ह्यावर अधिक विचार व्हावा, एवढेच लिहून थांबत. त्या टिपा पुढे छापील तालमूदच्या पानावरच आल्या. अभ्यासक आजही त्यांच्याशी झुंजतात. प्रश्न उघडा ठेवण्याचे हे धैर्य आम्हा प्रवचनकारांत विरळाच!

ग्रंथाचा मालकदेखील सही जपून करी : प्रथम चोविसाव्या स्तोत्राच्या आधारे सर्व काही परमेश्वराचे असल्याची कबुली, मग स्वतःचे नाव.

पण इटलीतील जुन्या प्रतींच्या अखेरीस कधी तिसराच हात दिसतो, आणि तो आपला आहे. 1553 साली रोममध्ये तालमूदची होळी झाली. पुढे हिब्रू ग्रंथांतील आक्षेपार्ह ठरलेल्या ओळी ख्रिस्तसभेचे तपासनीस शाईने खोडीत आणि खाली सही करीत. त्यांतले डोमेनिको जेरोसोलिमितानो हे धर्मांतरित यहुदी. जी अक्षरे ते खोडीत, ती त्यांच्या बालपणीची. कित्येक प्रतींत ती शाई आता विटली असून खालचे शब्द वाचता येतात.