कापडं बदललेला माणूस

फाइट हार्लान. जन्म १८९९, बर्लिन. आधी नाटकातला नट, मग सिनेमातला, मग दिग्दर्शक. हात पक्का. म्हणून तर लिहायचं. भिकार दिग्दर्शकाला शिव्या घालून काय मिळणार?

१९४० साली गोबेल्सच्या खात्यासाठी त्यानं 'यूद झ्यूस' काढला. व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकचा पैशाचा कारभार पाहणारा ज्यू झ्यूस ओपेनहायमर, १७३८ला फासावर गेलेला, त्याची गोष्ट. ज्यूंना स्टुटगार्टच्या वेशीत बंदी. झ्यूस दाढी उतरवतो, कापडं बदलतो. पडद्यावर दाढीवाला विरघळतो आणि त्यातून दरबारी माणूस उभा राहतो. प्रेक्षकाला भ्या दाखवलंय ते इथं. वस्तीतल्या दाढीवाल्याचं नाही, वेशीतून आत आलेल्या नीटनेटक्या माणसाचं. दोस्तहो, ही नजर आपल्या ओळखीची आहे. बाबासाहेबांच्या सुटावर ती किती वेळा रोखली गेली!

पुढं झ्यूस एका ख्रिस्ती पोरीवर बलात्कार करतो, ती जीव देते. तिचं काम हार्लानच्याच बायकोनं, सोडरबाउमनं केलंय. शेवटी फास, आणि ज्यूंनी राज्य सोडावं असं फर्मान. वेस पुन्हा बंद.

हा सिनेमा सुमारे २ कोटी लोकांनी पाह्यला. हिमलरनं एस. एस. आणि पोलिसांना तो बघायचा हुकूमच काढला. हार्लानची पहिली बायको डोरा गेर्सन ज्यू होती. १९४३ला आउशवित्झमध्ये तिला नवरा-पोरांसकट मारलं.

युद्धानंतर खटला झाला. हा म्हणाला, गोबेल्सनं जबरदस्ती केली, मी नुसता कलावंत. १९४९ला सुटला, १९५०ला पुन्हा सुटला. आणि लगेच नवा सिनेमा! आपल्याकडचे 'कला वेगळी, माणूस वेगळा' म्हणणारे समीक्षक खूश झाले असते.

हाम्बुर्गच्या एरिक ल्यूटनं मात्र सांगितलं, याच्या सिनेमाचं तिकीट काढू नका. बहिष्कार! हा शब्द आपल्या पाठीवरचा वळ आहे. बाबासाहेबांनी १९२७ला पत्राचं नावच 'बहिष्कृत भारत' ठेवलं. पण गावानं मूठभरांचं पाणी तोडणं वेगळं, आणि एका माणसानं प्रेक्षकांना विनवणं वेगळं. सिनेमा कंपन्या कोर्टात गेल्या, हाम्बुर्गच्या कोर्टानं ल्यूटचंच तोंड बंद केलं. १५ जानेवारी १९५८ला घटना-न्यायालयानं तो निकाल फिरवला: ल्यूटचं बोलणं हे मतस्वातंत्र्य. हार्लान १९६४ला काप्रीत मेला.

'यूद झ्यूस' जर्मनीत आजही आधी माहिती आणि नंतर चर्चा असेल तरच लावतात. आपल्या पोरांनी लावायचा ठरवला तर मी येईन. फक्त दाढी उतरते तिथं मशीन थांबवा, दिवे लावा आणि एकमेकांच्या अंगावरची कापडं बघा.