डागाशी घासाघीस

घरगुती सल्ल्यांवर टीका करण्याचा अधिकार मला खापरमुळे मिळाला. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं हे गाव म्हणजे आमच्या ताईचं सासर. आखाजीला साडूंची मोटार मागून आम्ही तिकडे गेलो. निघताना ताईनं खापरावरच्या पुरणपोळ्या आणि बरणीभर तूप दिलं. अक्कलकुवा यायच्या आतच एक खड्डा आला आणि तूप सीटवर सांडलं.

सौ.नं ओल्या रुमालानं घासलं. डाग पसरला. मुद्दल वाटीभर, व्याज सीटभर!

घरी सल्ल्यांची कात्रणं काढली. एक म्हणे लिंबू, दुसरं म्हणे रॉकेल. रॉकेलनं तूप सुटतं खरं. पण बंद गाडीतली त्याची वाफ आणि साडूंची बिडी यांची गाठ कोणी घालायची?

माझा आक्षेप एवढाच, की काय लावा हे सगळे सांगतात, आधी काय आणि मग काय हे कोणी सांगत नाही. तूप पाण्याला दाद देत नाही. म्हणून आधी चमच्यानं खरवडावं, वर टाल्कम पावडर पसरून काही तास विसरावं, मग ती झटकावी. त्यानंतर भांड्यांच्या साबणाचा फेस. साबण एका टोकानं तूप धरतो, दुसऱ्यानं पाणी. कडेकडून आत टिपत यावं. वसुलीसारखंच हे: घासाघीस केली की प्रकरण चिघळतं.

डाग गेला. साडूंनी गाडीत डोकं घातलं, नाक फुलवलं आणि विचारलं, "पोळ्या कुठायत?"

त्यावर कात्रण नाही.