रानफुलांच्या बीजांकुरणाचे संशोधन : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
सातारा जिल्ह्यातील कास पठाराचा समावेश २०१२ साली, पश्चिम घाटातील अन्य स्थळांसमवेत, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. अशा जांभ्याच्या सड्यांवरील रानफुलांचे बी गोळा करावे, त्याची रुजवण वाढवावी आणि लागवडीतून संवर्धन साधावे, असा विचार अनेकदा मांडला जातो. प्रस्तुत लेखात या विचारामागील गृहीतकांची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
अशा प्रयोगांची मांडणी बहुधा ठरावीक असते. बी जिबरेलिक आम्लात भिजवायचे, गरम पाण्यातून काढायचे किंवा काचकागदावर घासायचे आणि पेट्री डिशमध्ये रुजलेल्या बियांची टक्केवारी नोंदवायची. टक्केवारी वाढली, की पद्धत संवर्धनास उपयुक्त ठरते. या मांडणीत चार उणिवा संभवतात.

पहिली उणीव म्हणजे न रुजलेले बी मृत होते की सुप्त, याचा उलगडा न होणे. टेट्राझोलियम चाचणीत जिवंत ऊती तांबड्या होतात. ही किंवा तत्सम चाचणी नसेल, तर टक्केवारीचा अर्थ संदिग्ध राहतो.

दुसरी उणीव कालासंबंधी आहे. अनेक वनस्पतींचे ताजे बी रुजत नाही. काही महिने कोरड्या उष्णतेत राहिल्यावर त्याची सुप्तावस्था आपोआप ओसरते. बी गोळा केल्याचा महिना व साठवणीचा अवधी नोंदवला नसेल, तर आम्लाला दिलेले श्रेय वस्तुतः उन्हाळ्याचे असू शकते.

तिसरी उणीव सरसकट उपचारांची. कॅरोल आणि जेरी बास्किन यांनी २००४ साली सुप्तावस्थेच्या पाच वर्गांची मांडणी केली. शेंगावर्गीय वनस्पतींच्या अनेक बियांचे आवरण पाणी आत शिरू देत नाही. तेथे घासणे उपयोगी पडते. ऑर्किडच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतो. निसर्गात त्या बुरशीच्या साहाय्याने रुजतात. दोहोंना एकच उपचार लागू पडणार नाही.

चौथी उणीव सर्वांत मूलगामी आहे. सुप्तावस्था हा बियांचा दोष मानला जातो. सड्यावर मातीचा थर पातळ असतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर पावसाने ओढ दिली, तर उगवलेली रोपे करपतात. अशा वेळी मातीत सुप्त राहिलेले बी हाच वर्षायू वनस्पतींचा आधार ठरतो. उपचार केलेले सर्व बी एकाच वेळी रुजवणे म्हणजे हा आधार काढून घेणे होय. शिवाय प्रयोगासाठी वेचलेले बी ही त्या सड्याची पुढील पिढी असते, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.

समारोप :
रोपवाटिकेत किंवा उद्ध्वस्त झालेल्या अधिवासाच्या पुनरुज्जीवनात रुजवण वाढवणे आवश्यकच असते. आक्षेप आहे तो टक्केवारीवर थांबण्याला. महाविद्यालयीन प्रकल्पांचा अवधी बहुधा एका शैक्षणिक वर्षापुरता असतो आणि रोपे सड्यावर पोहोचण्यापूर्वीच अहवाल पूर्ण होतो. एका तुकडीने सुरू केलेली निरीक्षणे पुढील तुकडीने चालू ठेवल्यास ही मर्यादा ओलांडता येईल. लावलेल्या रोपांपैकी किती जगली, किती फुलली आणि त्यांच्या बियांपासून दुसऱ्या पावसाळ्यात किती नवी रोपे उगवली, या नोंदींशिवाय ‘संवर्धनास उपयुक्त’ हा निष्कर्ष अपुरा मानावा लागेल.