कोरेगावचा जयस्तंभ आणि त्याचे वाचक

दगडावर कोरलेला मजकूर हाही वाङ्मयाचाच एक प्रकार होय. परंतु आमच्या टीकाकारांनी त्याच्याकडे त्या दृष्टीने क्वचितच पाहिले आहे. शिलालेख संशोधकांच्या स्वाधीन करून आपण मोकळे होतो. वस्तुतः स्मारक उभारणारा हा एक ग्रंथकारच असतो. काय सांगावे, काय गाळावे, कोणाचे नाव घ्यावे, याचा निर्णय तो करतो. आणि त्याच्या पश्चात त्या मजकुराचा अर्थ लावण्याचा अधिकार वाचकांकडे जातो. या दृष्टीने भीमेकाठच्या कोरेगावच्या जयस्तंभाइतके विचार करावयास लावणारे स्मारक महाराष्ट्रात दुसरे क्वचितच असेल.

प्रसंग सर्वश्रुत आहे. ता. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखाली मुंबई पायदळाचे सुमारे ५०० शिपाई, काही स्वार आणि मद्रास तोफखान्याचे थोडे गोरे गोलंदाज अशी कंपनीची तुकडी शिरूरहून पुण्याकडे येत असता तिला वाटेत दुसऱ्या बाजीरावाची फौज आढळली. तुकडीने कोरेगावाचा आश्रय घेतला, आणि दिवसभर गावाच्या गल्ल्यांतून लढाई झाली. नदी डोळ्यांसमोर असून शिपायांस पाण्याचा थेंब मिळाला नाही. रात्री पेशव्यांची फौज मागे हटली. कंपनीच्या आठशेंवर लोकांपैकी २७५ ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

१८२१ साली कंपनी सरकारने येथे स्तंभाचा पाया घातला आणि त्यावर इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांत लेख कोरविला. ब्रिटिश सेनेने पूर्वेकडे मिळविलेल्या अत्यंत अभिमानास्पद विजयांपैकी हा एक, असा इंग्रजी लेखाचा सूर आहे. टीकाकाराने येथेच थांबले पाहिजे. स्टाँटन पुण्यास पोहोचलाच नाही. तो शिरूरला परतला. जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्यामुळे बाजीरावास तेथे रेंगाळणे परवडणारे नव्हते. तुकडीने दाखविलेली चिकाटी असामान्य होती, यात शंका नाही. परंतु तिला निर्णायक जय म्हणणे हा उभारणाऱ्याचा अलंकार आहे. पेशवाईचा शेवट या एका दिवसाने झाला नाही. तो पुढे फेब्रुवारीत अष्टीला बापू गोखले पडल्यावर आणि जूनमध्ये बाजीराव शरण गेल्यावर झाला.

लेखातील दुसरा अलंकार अधिक सूक्ष्म आहे. त्यात ‘ब्रिटिश’ सेना आहे आणि तिचा शत्रू आहे. परंतु गल्ल्यांत लढणारे होते कोण? पेशव्यांकडे मराठ्यांबरोबर अरब व गोसावी होते, आणि कंपनीच्या पलटणीत बहुतेक याच भूमीची माणसे होती. सातारचे छत्रपती प्रतापसिंह त्या दिवशी पेशव्यांच्या छावणीत, जवळजवळ नजरकैदेतच होते. आणि याच युद्धात आमच्या करवीरच्या गादीने कंपनीची बाजू घेतली, ज्याच्या मोबदल्यात चिकोडी व मनोळी हे प्रांत तिला परत मिळाले. शिवछत्रपतींच्या वंशाच्या दोन शाखा अशा रीतीने दोन बाजूंस होत्या. याला यादवी म्हणू नये तर काय म्हणावे? कोल्हापूरच्या वाचकास या स्तंभाकडे परक्याच्या नजरेने पाहता येणार नाही, ते यामुळेच.

तथापि या लेखाचा खरा प्राण त्याच्या घोषणेत नसून नावांच्या यादीत आहे. धारातीर्थी पडलेल्या ४९ जणांची नावे स्तंभावर आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या अंती ‘नाक’ हा प्रत्यय असून ती महार शिपायांची आहेत. त्यांच्या शेजारी मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत. ज्या समाजात एका ओळीत बसून जेवणे निषिद्ध होते, त्याच समाजातील माणसे येथे एका शिळेवर एका ओळीत आली. हा कंपनीचा हेतू नव्हता. तिने केवळ हजेरीपट उतरविला. परंतु ग्रंथकाराच्या हेतूपलीकडे जे उरते, तेच पुष्कळदा टिकते.

पुढे १८९२च्या सुमारास त्याच सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा ही यादी एका दाव्याचा पुरावा झाली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भरतीसाठी सरकारकडे अर्ज केला. मार्च १९२० मध्ये करवीर संस्थानातील माणगावच्या परिषदेत शाहू छत्रपतींनी ज्यांस अस्पृश्यांचे पुढारी म्हणून गौरविले, ते डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभापाशी गेले. साम्राज्याचा जयलेख तेव्हापासून मानवी प्रतिष्ठेचा लेख म्हणून वाचला जाऊ लागला. या वाचनास कोणी विपर्यास म्हणत असेल, तर त्याने पेशवाईतील अस्पृश्यांची स्थिती प्रथम आठवावी.

मात्र जे आम्हांस मान्य आहे, त्याचीही परीक्षा केली पाहिजे. पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांचा पराभव केला, हे सूत्र स्तंभाच्या आधाराने टिकत नाही. पलटण अनेक जातींची होती, आणि अठ्ठावीस हजारांपैकी फारच थोडे लोक गावात उतरले होते. उलट पक्षी, हे परकीयांचे चाकर होते असे म्हणून त्यांस निकालात काढणारेही करवीरची चिकोडी-मनोळी विसरतात. ता. १ जानेवारी २०१८ रोजी, द्विशताब्दीच्या दिवशी, येथे दंगल होऊन एका तरुणाचा बळी गेला. स्मारक वाचण्याऐवजी ते एकमेकांवर फेकले, म्हणजे काय होते याचा याहून दुःखद दाखला नको.

आणि आपल्या घरचे काय? ता. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात त्याच मुंबई सेनेच्या २७व्या पलटणीने बंड केले. चिमासाहेबांना कराचीस नेले, आणि १८६९ साली ते तेथेच वारले. त्यांचे नाव आज शहरातील चौकास आहे. पण ज्या शिपायांस देहान्त शासन झाले, त्यांपैकी कितींची नावे आमच्या मुलांस सांगता येतील? राजपुरुष लक्षात राहतात, शिपाई विसरले जातात. कोरेगावच्या स्तंभाने, उभारणाऱ्याच्या मनात काहीही असो, निदान ४९ शिपाई विसरू दिले नाहीत. आमच्या मते त्याचा मोठेपणा ‘जय’ या शब्दात नाही. तो या नावांत आहे, आणि तेथेच त्याचे वाचन सुरू झाले पाहिजे.