चिवट गोळी आणि गव्हाचा संशय

गेल्या हिवाळ्यात विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही खुलताबादला गेलो होतो. मधल्या सुट्टीत सहावीच्या वर्गशिक्षिकांनी एक कंपासपेटी आमच्यापुढे उघडली. कर्कटक आणि कोनमापकाच्या जागी आत दहा-बारा गोळ्या होत्या. दुधाच्या चिवट टॉफ्या होत्या, फळांच्या चवीच्या जेली होत्या, चिंचेच्या गोळ्या होत्या. वर्गात कुणाचा वाढदिवस असला की प्रत्येकाला एक गोळी मिळते. या पेटीच्या मालकिणीला सिलिअ‍ॅक हा विकार आहे आणि गहू तिला पूर्ण वर्ज्य आहे. गोळी नाकारली तर कारण सांगावे लागते, म्हणून ती घेते आणि पेटीत ठेवून देते. महिनाअखेरीस तिने बाईंना विचारले होते, "यातली कोणती माझी?"

बाईंनी तोच प्रश्न आम्हाला विचारला. पदरी विज्ञानातील पदवी असूनही आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही.

पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेले एक रिकामे पाकीटही होते. वडिलांनी शहरातून आणलेली ती महागडी जेली. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'ग्लुटेन-फ्री' असे छापले होते. आम्ही शाळेजवळच्या दुकानात जाऊन साध्या जेलीच्या बरणीवरची घटकांची यादी वाचली. साखर, लिक्विड ग्लुकोज, पेक्टिन, सायट्रिक आम्ल, रंग आणि स्वाद. महाग पाकिटावरची यादी जवळजवळ अक्षरशः हीच होती. किमतीत मात्र तिपटीहून अधिक फरक होता.

पुस्तकाचे परीक्षण करतात, तसे या वेष्टनाचे परीक्षण करावे असे तेव्हाच आमच्या मनात आले. मजकूर खरा आहे का, पुरेसा आहे का, आणि वाचणाऱ्याची समजूत त्याने वाढते की बिघडते, हे तीन प्रश्न वेष्टनालाही विचारता येतात.

संशय कुठून आला?

चिवट गोळी म्हणजे ग्लुटेन, हा संशय अगदीच निराधार नाही. गव्हाच्या शेतात वाढलेल्या मुलांना कोवळे-पिकले दाणे तोंडात टाकून बराच वेळ चघळायची सवय असते. पीठ गिळले जाते आणि दातांत रबरासारखा एक गोळा उरतो. खेड्यातले हे फुकटचे च्युइंगम म्हणजेच ग्लुटेन.

वर्गात हे करून पाहणे सोपे आहे. मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवावी. मग पातळ फडक्यात बांधून पाण्याच्या भांड्यात हलके हलके चोळावी. पाणी दुधासारखे पांढरे होते. तो स्टार्च; आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो. पाणी बदलत राहिल्यास शेवटी फडक्यात करडा, ताणला जाणारा गोळा उरतो. त्याबरोबर थोडा कोंडाही असतो. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पिठाने हाच प्रयोग केला तर असा गोळा मिळत नाही. पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते, याचे कारण मुलांना इथे हाताला लागते.

सिलिअ‍ॅक विकारात या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे आतड्यातले बारीक अंकुर सपाट होतात. मूल खाते, पण अंगी लागत नाही. वजन वाढत नाही, रक्त कमी होते, उंची खुंटते. यावर औषध नाही. गहू, सातू आणि राय ही धान्ये आयुष्यभर टाळणे हाच उपचार आहे. पाक कितीही उकळला तरी ग्लुटेनचा हा गुण जात नाही.

मग गोळी चिवट कशाने होते?

येथे आपल्या स्वयंपाकघरातलेच उदाहरण घेऊ. मराठवाड्यात उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवतात, वाटतात आणि गाळतात. चोथा बाजूला निघतो आणि खाली पांढरा चीक बसतो. ग्लुटेनचा मोठा भाग चोथ्याबरोबर निघून जातो, चिकात मुख्यतः स्टार्च राहतो. तरी शिजवलेला चीक कसा ताणला जातो, हे गूळ-तूप घालून तो खाल्लेल्या कुणालाही ठाऊक आहे. तमिळनाडूतला तिरुनेलवेली हलवा गव्हाच्या अशाच दुधाचा असतो. कॉर्नफ्लोअरचा बॉम्बे हलवा मक्याच्या स्टार्चचा. दोन्ही दातांना चिकटतात. गोव्यातला डोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि गूळ यांचा, तोही चिवट. तेव्हा चिवटपणासाठी गहूच लागतो असे नाही.

(मात्र चिकातले सगळे ग्लुटेन निघालेले नसते. म्हणून कुरडई किंवा गव्हाच्या चिकाचा हलवा सिलिअ‍ॅकच्या मुलाला देऊ नये.)

कारखान्यातल्या गोळीचा चिवटपणा मुख्यतः दोन गोष्टींतून येतो. पहिली म्हणजे पाकात उरलेले पाणी. घरी ज्याला गोळीबंद पाक म्हणतात, त्या 118-120 अंश सेल्सिअसच्या सुमारास थांबले तर टॉफी मऊ-चिवट राहते. 150 अंशांच्या आसपास नेले तर पाणी जवळजवळ उडून जाते आणि काचेसारखी कडक गोळी बनते. दुसरी गोष्ट म्हणजे जाळे विणणारा पदार्थ. तो हाडा-कातड्यातून मिळणारे जिलेटिन असेल, फळांतले पेक्टिन असेल, समुद्री शेवाळातले अगर असेल किंवा मका वा टॅपिओकाचा स्टार्च असेल. यांत ग्लुटेन नाही. फणसपोळी आणि आंबापोळीचा चिवटपणाही फळाच्या गराचा आणि साखरेचाच.

म्हणजे बहुतेक आवडत्या चिवट गोळ्यांच्या कृतीत गहू मुळातच नसतो. तो शिरतो तेव्हा आडवाटेने शिरतो. अमेरिकेतल्या ट्विझलर्ससारख्या दोऱ्यांच्या मिठाईत गव्हाचे पीठ उघडपणे असते. चॉकलेटच्या गोळ्यांत सातूपासून केलेले माल्ट असू शकते. आपल्याकडची सर्वांत फसवी वाट हिंगाची आहे. बाजारात मिळणारा बांधानी हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंकाबरोबर पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. त्यामुळे कंपासपेटीतल्या जेलीपेक्षा चिंचेच्या, आवळ्याच्या आणि चूर्णाच्या गोळ्यांकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. मुलीच्या घरी याच्या नेमके उलट चालले होते. रबरासारखी लागते म्हणून जेली बंद आणि पाचक म्हणून चिंचगोळी चालू.

केळ्याला मिळालेले श्रेय

चुकीच्या गोष्टीला श्रेय देण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1924 साली न्यूयॉर्कमधील सिडनी हास या बालरोगतज्ज्ञाने सिलिअ‍ॅकच्या मुलांसाठी केळ्यांचा आहार सुचवला. मुले खरोखर सुधारली आणि केळे हे औषध ठरले. प्रत्यक्षात त्या आहारात पाव-बिस्किटे बंद होती, म्हणून मुले सुधारत होती. गव्हाचा दोष पुढे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवला. 1950 सालचा त्यांचा प्रबंध त्यावरच आहे. मधल्या काळात, बऱ्या झालेल्या मुलाला पुन्हा पाव दिला तर काय होईल, हे कोणाच्या लक्षात येणार होते?

'ग्लुटेन-फ्री' जेलीचे पाकीट असेच श्रेय घेते. मुलीला त्रास झाला नाही तो त्या शब्दामुळे, असे घरच्यांना वाटते. शेजारच्या बरणीतल्या जेलीवर तो शब्द नाही, म्हणून ती आपोआप आरोपी ठरते. कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात याविषयी एक समंजस सूचना आहे. जो पदार्थ स्वभावतःच ग्लुटेनमुक्त आहे, त्याला खास आहाराचे नाव देऊ नये. 'हा पदार्थ मुळातच ग्लुटेनमुक्त आहे' एवढे म्हणता येते. या दोन वाक्यांतला फरक किरकोळ नाही. पहिल्यात कारखान्याची कर्तबगारी आहे, दुसऱ्यात वस्तुस्थिती.

शब्दाचे मोल कुठे आहे?

तरीही तो शब्द पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. 2008 साली कोडेक्सने ग्लुटेनमुक्त अन्नासाठी किलोला 20 मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. भारतातही तीच मर्यादा आहे. 50 ग्रॅमच्या पाकिटात हे फार तर 1 मिलिग्रॅम होते. तुलनेसाठी, एका पोळीत साधारण 3 ग्रॅम ग्लुटेन असते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतलेल्या रुग्णांच्या आतड्याला इजा झाल्याचे दिसले. 50 मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा साठावा भाग. बिस्किटांच्या यंत्रावरून आलेली पिठाची धूळ रोज पोटात गेली तरी हिशेब बिघडू शकतो. त्या शब्दामागे खरोखर तपासणी असेल, तर त्याचे मोल या धुळीच्या हमीत आहे. ही तपासणी आपल्या प्रयोगशाळेत होत नाही. आयोडीन फक्त स्टार्च दाखवते. निळा रंग आला म्हणून गहू आहे असे नाही आणि आला नाही म्हणून ग्लुटेन नाही असेही नाही.

आमची खरी तक्रार वेष्टनावर जे छापले आहे त्याबद्दल नाही. जे छापलेलेच नाही त्याबद्दल आहे. वेष्टनबंद अन्नात ग्लुटेनयुक्त धान्य असेल तर तसे जाहीर करणे आपल्या 2020 सालच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पण वेष्टनाचे क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटरहून अधिक नसेल, तर घटकांची यादी त्यावर न छापण्याची सवलत आहे. ती मोठ्या वेष्टनावर असली की पुरे. एका गोळीचा कागद नेहमीच याहून लहान. यादी बरणीवर राहते, बरणी दुकानात राहते आणि मुलाच्या हाती येतो तो कोरा कागद. जो पदार्थ सर्वाधिक मुले खातात, त्याचीच माहिती मुलांपर्यंत पोचत नाही. यादी असते तीही इंग्रजीत किंवा हिंदीत असली तरी नियमाला चालते. शाकाहाराचा हिरवा ठिपका पहिलीतले मूल ओळखते. गव्हासाठी तसे चिन्ह बंधनकारक करायला काय हरकत आहे?

सुट्या मालाला तर वेष्टनही नाही. भद्रा मारुतीच्या यात्रेत किंवा जर जरी जर बक्ष यांच्या उरुसात मिठाईच्या दुकानी रेवडी, साखरफुटाणे आणि मैद्याचा खाजा शेजारी शेजारी मांडलेले असतात. रेवडी तीळ-साखरेची, म्हणून निर्धोक. पण खाजा उचललेलाच हात तिच्यात जातो.

हा प्रश्न मूठभरांचा आहे, असे कुणी म्हणेल. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांच्या पाहणीत सिलिअ‍ॅकचे प्रमाण उत्तर भारतात 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के आढळले. महाराष्ट्र या पाहणीत नव्हता. पण पोळी आमच्याकडेही आता रोजची झाली आहे. एखादे मूल खाऊनही वाढत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. मात्र तपासणीपूर्वी आपल्या मनाने गहू बंद करू नये. तसे केल्यास रक्ततपासणीत विकार लपून राहू शकतो. आणि ज्यांना विकार नाही त्यांनी गव्हाला घाबरण्याचे कारण नाही.

त्या दिवशी दुपारी आम्ही बाईंबरोबर पुन्हा दुकानात गेलो. दुकानदारांनी बरण्यांवरच्या याद्या उतरवून घेऊ दिल्या. पेटीतल्या गोळ्यांचे तीन गट पडले. यादीत गहू, सातू नाही आणि धान्याच्या धुळीची सूचनाही नाही, असा पहिला. गहू, माल्ट किंवा हिंग असलेला दुसरा. आणि ज्यांची बरणीच सापडली नाही, असा तिसरा. पहिला गट तिच्या डॉक्टरांना दाखवून मग खायचा, दुसरा आणि तिसरा सोडून द्यायचा, असे ठरले. तिसरा गट सर्वांत मोठा निघाला.

आता त्या वर्गात नियम आहे. वाढदिवसाची गोळी आणणाऱ्याने बरणीवरची यादीही वहीत उतरवून आणायची. अनोळखी शब्द फळ्यावर लिहायचे आणि त्यांचा अर्थ शोधायचा. माल्ट म्हणजे काय, स्टार्च कशाचा, लेसिथिन कुठून येते, हे प्रश्न सहावीत विचारले जात आहेत. बाईंचे पत्र आले आहे. पेटीत आता कर्कटक असते, असे त्या लिहितात. तिसऱ्या गटातल्या चिंचगोळीसाठी वर्गाने कारखान्याला पत्र पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.