गॅट्सबीचा वाडा आणि धनेगावची झोपडी

श्रीमंतीचा उपहास करणारे लेखन वाचताना आपण मनापासून हसतो. कारण त्यातील श्रीमंत माणूस म्हणजे आपला शेजारी, अशी आपली सोयीस्कर समजूत असते. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकन लेखकाची ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) ही कादंबरी ती समजूत टिकू देत नाही. म्हणूनच आमच्या वाचकांचे लक्ष आम्ही तिच्याकडे वेधू इच्छितो.

गॅट्सबी हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा. अमेरिकेत दारूबंदी असताना चोरट्या दारूच्या व्यवहारातून तो गडगंज होतो, न्यूयॉर्कजवळ पाण्याकाठी भव्य वाडा घेतो आणि मेजवान्यांचा सपाटा लावतो. हा सारा खटाटोप दुरावलेल्या डेझीसाठी. डेझी मात्र आता टॉम ब्युकॅनन या पिढीजात धनिकाची पत्नी आहे. प्रथम वाटते की, लेखक गॅट्सबीच्या भपक्यालाच हसतो आहे. त्याच्या ग्रंथालयातील पुस्तके खरी आहेत, पण त्यांची पाने अजून कापलेलीही नाहीत! पुढे कळते की, उपहासाचा खरा रोख टॉम आणि डेझी यांच्यावर आहे. डेझी चालवीत असलेल्या मोटारीखाली एक गरीब स्त्री मरते. टॉमच्या सांगण्यावरून तिचा नवरा गॅट्सबीला गोळी घालतो आणि ते प्रतिष्ठित जोडपे सामान बांधून निघून जाते. मेजवान्यांना शेकडो माणसे लोटत. अंत्यविधीला मोजकी चार डोकी जमतात.

ही गरीब माणसे राहतात त्या राखेच्या माळावर एका नेत्रवैद्याच्या जाहिरातीचे प्रचंड डोळे रंगविलेले आहेत. शोकाने भ्रमिष्ट झालेला नवरा त्यांनाच परमेश्वराचे डोळे मानतो. कॅथलिक घरात वाढलेल्या या लेखकाचा हा उपहास आमच्या मते कादंबरीत सर्वांत कडवट आहे.

कादंबरीची एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. राखेच्या माळावरील माणसे आपल्याला दिसतात ती बहुधा वाटेने जाणाऱ्या श्रीमंतांच्या सोबतीने. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन करणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी (१९३२–१९८२) मराठवाड्यातील वाचकाला रोखठोक प्रश्न विचारण्याची सवय लावली. त्या सवयीने विचारावेसे वाटते : हेच जग राखेच्या बाजूने पाहिले तर कसे दिसेल?

याचे उत्तर लातूर जिल्ह्यातच लिहिले गेले आहे. धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण शिक्का पुसला गेला नाही. ‘उचल्या’त पोटासाठी चोरी करणारा मार खातो, आणि त्याला मारणारे पोलीस त्याच चोरीतला वाटा घेतात. लहानग्यांनी पोलिसांचा मार सोसावा म्हणून घरचीच माणसे त्यांना बडवून निबर करतात. पोरगा शाळेत गेला म्हणून वस्तीत रोगराई आली, असे जातभाई मानतात. येथे गायकवाड मुद्दाम उपहास करीत नाहीत. ते घडले तसे सांगतात. व्यवस्थाच इतकी उफराटी आहे की साधे निवेदनही जळजळीत उपहास होऊन जाते. फिट्झजेराल्डच्या घोटीव भाषेला न साधलेले हे बळ आहे.

दोन्ही पुस्तके एकच प्रश्न विचारतात : कोणाच्या चोरीला चोरी म्हणायचे आणि कोणाच्या चोरीला ऐश्वर्य? गावात नवा बंगला उठला की पैसा कोठून आला याची कुजबुज आपण करतो. जुन्या वाड्याविषयी तसे विचारत नाही. चोरी झाली की पहिला संशय गावाबाहेरच्या पालांवर जातो. शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाने लाजरसला मारहाण केल्याचे कोठेही म्हटलेले नाही. लाजरस त्याच्या दारातच पडून होता, आणि तो जेवत राहिला. टॉम आणि डेझी त्याच्याच पंगतीतले आहेत.

आपल्या कुटुंबांतील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी ही दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावीत आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्याशी त्यांवर बोलावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. लग्नसमारंभाच्या खर्चाचा विषय त्या बोलण्यात निघालाच, तर तो टाळू नये.