‘रागिणी’तील वास्तव आणि अद्भुत

वामन मल्हार जोशी यांची ‘रागिणी’ ही दीर्घ कादंबरी १९१५ च्या सुमारास ग्रंथरूपाने वाचकांपुढे आली. मराठीतील पहिली तत्त्वचर्चात्मक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख प्रत्येक वाङ्मयेतिहासात सापडतो. ती सबंध वाचलेला मनुष्य मात्र क्वचितच भेटतो. ‘रागिणी अथवा काव्यशास्त्रविनोद’ हे तिचे संपूर्ण नाव. बुद्धिमंतांचा काळ कसा जातो हे सांगणाऱ्या प्रसिद्ध सुभाषितातून ते घेतलेले असल्यामुळे ग्रंथकाराचा हेतू नावातच उघड झाला आहे.

या कादंबरीविषयी टीकाकारांचा निकाल बहुधा ठरलेला असतो. रागिणी, उत्तरा, भय्यासाहेब, आनंदराव ही मंडळी वाद घालू लागली म्हणजे ती खरी वाटतात. कथानक पुढे सरकू लागले की योगायोग, ताटातूट आणि अवचित भेटी यांचा सुकाळ होतो. सारांश, चर्चा वास्तव आणि कथा अद्भुत. लागलेल्या निकालावर अपील करण्याची आम्हा वकिलांना खोडच असते. पण येथे अपिलाला आधारही आहे.

हळब्यांच्या ‘मुक्तामाले’पासून (१८६१) आणि रिसबुडांच्या ‘मंजुघोषे’पासून (१८६८) मराठी वाचकाला अद्भुताची चटक लागलेली होती. हरिभाऊ आपट्यांनी त्याला घरातल्या माजघरात आणून बसविले. वामनराव आले ते हरिभाऊंच्या नंतर. माजघर कसे दिसते हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी अद्भुताचा धागा सोडला नाही, याचे कारण केवळ कसबाच्या उणिवेत शोधणे मला पुरेसे वाटत नाही.

आपल्या देवळांतून कीर्तन ऐकणाऱ्यांस ही रचना अनोळखी वाटू नये. पूर्वरंगात बुवा सिद्धान्ताचे निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यानात चमत्कार असतो म्हणून कोणी उठून जात नाही. कारण तो चमत्कार पूर्वरंगातील सिद्धान्ताचा साक्षीदार म्हणून उभा असतो. तत्त्व आणि अद्भुत यांचे वैर आपल्या परंपरेने कधी मानलेलेच नाही. ‘रागिणी’त पूर्वरंग आहे, उत्तररंगही आहे, पण साक्षीदार वेगळ्याच खटल्यात बोलावल्यासारखा बोलतो. उत्तरा स्त्रीच्या हक्कांविषयी जे प्रश्न विचारते त्यांची कसोटी तिच्या आणि रागिणीच्या संसारातच लागावयास हवी होती. नेमक्या त्या वेळी योगायोग पुढे सरसावतो आणि विचाराला द्यावी लागणारी किंमत परस्पर चुकती करून टाकतो. अद्भुत आले हा दोष नव्हे. ते अवेळी आले, हा दोष आहे.

आणि ज्या चर्चेला आपण वास्तव म्हणतो ती तरी वास्तव आहे काय? सुशिक्षित स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने बसून धर्म, विवाह आणि स्त्रीस्वातंत्र्य यांवर बेधडक वाद घालीत आहेत, असे दृश्य त्या काळच्या किती घरांत दिसले असते? कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ साली स्थापन झाले, म्हणजे कादंबरीच्या मागून. पुढे वामनराव हिंगण्याच्या संस्थेत अध्यापनास गेले. ज्या स्त्रिया त्यांनी आधी कागदावर बोलक्या केल्या, तशा बोलू शकतील अशा विद्यार्थिनी घडविण्यात त्यांचे पुढील आयुष्य गेले. तेव्हा या ग्रंथातील खरे अद्भुत कथानकात नसून संभाषणात आहे, असे माझे मत आहे. ते मनोराज्य होते. आणि मनोराज्यांपैकी फार थोड्यांना असे नशीब लाभते.

आमच्या निर्मलचे नकाशी कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडाची फळे करतात. रंग, देठ, सालीवरचा डाग, सर्व हुबेहूब. हातात घेतले की वजन नाही. कादंबरीतील वास्तवाची परीक्षाही डोळ्याने न करता हाताने करावी. उत्तरेचा आवेश उचलून पाहिला तर जड लागतो, मग तशी उत्तरा त्या काळी असो वा नसो. त्याला कारणही आहे. ‘विश्ववृत्त’ मासिकातील वैदिक प्रार्थनांवरील लेखाच्या खटल्यात १९०८ साली वामनरावांना कारावास झाला होता. त्या लेखाचे कर्ते पंडित सातवळेकर. त्यांचे काही काळ हैदराबादेत वास्तव्य होते. प्रार्थनेवरचा लेखही मनुष्याला तुरुंगात नेऊ शकतो, हे ज्याने भोगले, त्याच्या लेखी तत्त्वचर्चा म्हणजे निव्वळ विनोद कसा असेल? ‘काव्यशास्त्रविनोद’ या उपनामात मला तरी थोडी वक्रोक्ती ऐकू येते.

वामनराव १९३० साली मडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षीच्या ‘सुशीलेचा देव’ या कादंबरीत सुशीलेची ईश्वरकल्पना वयाबरोबर आणि दुःखाबरोबर पालटत जाते. देवळात जाणाऱ्या वाचकाला ती काही ठिकाणी टोचेल, टोचावी. पण येथे प्रश्न आणि प्रसंग यांची फारकत नाही. सुशीलेला जे वाटते ते तिच्यावर जे गुदरले त्यातून येते, आणि मध्येच येऊन तिची सुटका करण्यास योगायोग धजत नाही. शिल्प म्हणून ती सरस ठरेल. तरीही पुन्हा वाचावयास मी बहुधा ‘रागिणी’च उचलतो, उत्तरेचा वाद मध्येच तुटला आहे, आणि तो पुढे चालविण्याचा मोह आवरत नाही.